कुडामागच्या मुंग्या

माझ्या आजाराचा पत्ता सगळ्यांत आधी मुंग्यांना लागला. मग आमच्या मोठेबाबांना लागला, पण चुकीचा. मला स्वतःला सगळ्यांत शेवटी लागला, आणि डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं तरी कितीतरी दिवस मी ते खरं मानलं नाही. माझा स्वभावच संशयी. कंडक्टरने बस आदिलाबादलाच जाते असं सांगितलं तरी मी आतल्या दोघा प्रवाशांना विचारूनच वर चढतो. बायको म्हणते, लग्नाच्या पत्रिकेवर नवरदेवाचं नाव आपलंच आहे का, हेही तुम्ही तपासून पाहिलं असेल. पाहिलं होतं.

हे लिहायला बसलो, कारण माझ्याकडे अधूनमधून तरुण पोरं येतात. खुर्चीच्या टोकावर बसतात, चहा नको म्हणतात, आणि घरातल्या बायका आत गेल्याची खात्री झाली की हळूच म्हणतात, "सर, एक खासगी विचारायचं होतं." खासगी म्हणजे काय ते मला ऐकण्याआधीच कळतं. कोणाचं वजन उतरतंय, कोणाला उठवत नाही, कोणी इचोड्याच्या बाजारातून कसलीशी पुडी आणून महिनाभर खाल्लीय. दवाखान्यात गेलास का, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "दवाखान्यात कायले सर, एवढं काई नाई." मीही अगदी हेच म्हणत होतो. म्हणून त्या पोरांसाठी हे लिहितो आहे.

लग्न मानवलं नाही

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे महाराष्ट्र. राज्य आंध्राचं, शाळा तपासायला येणारे साहेब तेलुगू बोलणारे, आणि मी मराठी शाळेतला मराठी मास्तर. आमचे बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, या दोघांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात सालदारी केली, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबले. घरातला पहिला नोकरदार मी. त्यात कबड्डी खेळायचो, मांडीवर थाप मारली की समोरचे दोन पावलं मागे सरायचे. घरच्यांना माझ्या नोकरीपेक्षा त्या थापेचा अभिमान जास्त होता.

मोठेबाबा जवानीतले कुस्तीगीर. कापसाने भरलेली बैलगाडी चिखलात फसली की लोक आधी मोठेबाबांना हाक मारायचे. धम्म घेतला तेव्हा घरातले देव त्यांनी स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. अंगारा, धुपारा, बाहेरची बाधा, काही म्हणजे काही ते मानत नव्हते. मानायचे ते एकच, धात. धात म्हणजे पुरुषाचं वीर्य. त्यांच्या मते अंगातलं सगळं बळ तिथे साठलेलं असतं, ते राखलं तर माणूस, नाही तर उसाचं चिपाड. त्यांना हसणं सोपं आहे. पण ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याच्याकडे अंगातली ताकद सोडून दुसरं काय असतं? सालदार आजारी पडतो असं मालकाच्या कानावर गेलं की पुढच्या पाडव्याला त्या जागी दुसरा माणूस यायचा. म्हणून आमच्या घरात पुरुष आजारी पडत नसत. ते थकत, त्यांना ऊन लागे, फार तर अंग मोडून येई.

माझं लग्न उन्हाळ्यात झालं. सुनंदा बोथजवळच्या एका गावची, दहावी झालेली, बोलणारी थोडी आणि निरखणारी फार. पावसाळा सरत आला तोवर माझी पँट कमरेवर राहीना. तहान अशी लागायची की शाळेतला पोरांचा माठ मधल्या सुट्टीच्या आतच मी रिकामा करायचो. जेवण दुप्पट झालं तरी गालाची हाडं वर आली. रात्रीतून चार-चारदा उठून परसात जाणं सुरू झालं. मैदानात एकदा चढाईला गेलो आणि मधल्या रेषेपाशीच दम तुटला. पोरांनी मला उचलून बाहेर आणलं आणि सगळी खो-खो हसली. "मास्तर, लगन मानवलं नाई वाटते!" मीही हसलो. तेव्हा हसलो नसतो तर त्यांना खरंच वाटलं असतं.

मनात मात्र संशयाची पाल चुकचुकत होती. पहिला संशय बायकोवरच. झोपताना ती मला पेलाभर दूध द्यायची. त्या दुधात काय असतं? मी एकदा पेला उजेडात धरून पाहिला. ती दारातून बघत होती.

"काऊन, माशी पडली का?" तिने विचारलं.

"नाई, असंच," मी म्हणालो आणि पिऊन टाकलं.

मोठेबाबांचा शोध

आमच्या परसात तुराट्यांचा कूड होता आणि घरातले पुरुष त्या कुडाशीच लघवीला जात. एके सकाळी मोठेबाबांनी मला तिथे बोलावलं. हातातल्या काडीने त्यांनी जमिनीकडे दाखवलं. मी जिथे उभा राहायचो तिथे काळ्या मुंग्यांची दाट रांग लागली होती. हातभर अंतरावर बाबांची जागा, तिथे एकही मुंगी नव्हती.

"पाह्यलं?" मोठेबाबा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा हळू मी कधी ऐकला नव्हता. "धात चालली तुही. मुंग्यायले समजते. उगाच नाई येत त्या."

मोठेबाबांनी असल्या मुंग्या याआधी एकदा पाहिल्या होत्या हे मला माहीत होतं. त्यांचा एकुलता मुलगा किसन, माझा चुलतभाऊ. लग्नानंतर वर्ष पुरतं न भरता तो असाच वाळत गेला आणि एक दिवस उठलाच नाही. मी तेव्हा शाळकरी पोर. त्याची बायको वच्छला, तिच्याबद्दल बायका विहिरीवर काय बोलायच्या ते मला पुढे कळलं. किसनला बायको सोसली नाही, तिने त्याला पिऊन टाकलं, असं. दिवसकार्य उरकताच तिला माहेरी पोचवण्यात आलं. पुढे नदीपलीकडे तिचं दुसरं लग्न झालं असं ऐकलं, पण आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नसे.

"किसनाच्या टायमाले मी उशीर केला," मोठेबाबा म्हणाले. "आता करत नाई."

त्याच आठवड्यात सुनंदाला माहेरी धाडायचं ठरलं. मायने तिला सांगितलं की काही दिवस आराम कर. सुनंदाने मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी थकलीच नाई, तं आराम कशाचा?" ती म्हणाली. "आत्याबाई, खरं सांगा, माहं काय चुकलं?"

माय पदराशी चाळा करत राहिली. मी काय बोलणार होतो? मुंग्यांचं सांगू? बोथच्या बसमध्ये बसताना तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

मग माझा खुराक सुरू झाला. सकाळी खारीक घातलेलं गोड दूध, दुपारी गुळाचा शिरा, संध्याकाळी डिंकाचा लाडू. आदिलाबादला गेलो की बसस्टँडसमोर उसाचा रस, तोही मोठा ग्लास. मोठेबाबा समोर बसून खाऊ घालायचे. आणि जितकं खाऊ घालायचे तितक्या कुडाजवळच्या मुंग्या वाढायच्या. मुंग्या वाढल्या की मोठेबाबांचा संशय वाढायचा.

"चोरून बोथले जाते का तू?"

"नाई मोठेबाबा."

"मंग इचोड्याले? हायवेच्या ढाब्याइकडे?"

"अहो, मी शाळेतून सरळ घरी येतो!"

"मंग ह्या मुंग्या काय निवडनुकीच्या परचाराले आल्या?"

त्यांनी त्यांची बाज माझ्या बाजेला लावून टाकली. मी कुशीवर वळलो तरी ते खाकरायचे. मीही त्यांच्यावर संशय घ्यायला लागलो. सालदाराच्या पोराची सरकारी नोकरी कोणाच्या डोळ्यांत सलत असेल, असं मनात यायचं आणि घरातल्या प्रत्येकाचं तोंड मी त्या नजरेने न्याहाळायचो. आजारी माणसाचं डोकं किती खालच्या पायरीला जातं ते आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

निदानाचा दिवस

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या बेतात होत्या. सकाळी पोटात कळ उठली, उलट्या सुरू झाल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तरी श्वास पुरत नव्हता. बाबा एरवी मोठेबाबांपुढे बोलत नसत. त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले.

"दादा, आता पोराले दवाखान्यात नेतो. तू काई म्हन."

मोठेबाबांनी मला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यापर्यंत आणलं. बसमध्ये मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो आणि मोठेबाबा भोवतालच्या लोकांना सांगत होते की पोराला जरा ऊन लागलं आहे.

आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तेलुगू, बोलायचे हैदराबादी हिंदी. त्यांनी माझ्या तोंडाजवळ नाक आणलं.

"पिया क्या?"

"दारू? हमारा लडका?" मोठेबाबा भडकले. "बिडी भी नहीं पीता!"

डॉक्टरांनी डोळ्यांची बुबुळं पाहिली, जीभ पाहिली, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "पेशाब की जगह पे चींटे लगते क्या?"

मोठेबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरची अब्रू मीच वेशीवर टांगली. मी त्यांच्याकडे तसंच पाहिलं. मला वाटलं, यांनीच आधी येऊन सांगून ठेवलं असणार. डॉक्टर सिस्टरकडे वळून काहीतरी बोलले, त्यातला 'चीमलु' एवढाच शब्द मला कळला. शाळेतल्या तेलुगू पुस्तकामुळे तो माहीत होता. चीमलु म्हणजे मुंग्या.

मग सलाईनच्या बाटल्या लागल्या, रक्त काढलं, सुया टोचल्या. त्यातलं बरंचसं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की डोळे उघडले तेव्हा बाबा पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत होते आणि डॉक्टर त्यांना सांगत होते, "शुगर है. थोडा और लेट करते तो लडका नहीं बचता."

शुगर! माझा तर विश्वासच बसेना. शुगर म्हणजे पोट सुटलेल्या शेठ लोकांचा आजार. गादीवर बसून जिलेबी खाणाऱ्यांचा. सालदाराच्या घरातल्या काटकुळ्या पोराला शुगर कुठून येणार? हे काहीतरी लपवतायत, असं माझ्या मनाने घेतलं. हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या त्या नव्या रोगाची कुजबुज तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. मी कधी कुठे गेलो नव्हतो, तरी त्या दुपारी मला स्वतःचाच भरवसा वाटेना. एवढं रक्त कशाला घेतलं? सिस्टर आपसात तेलुगूत का बोलतात? शेजारच्या खाटेवरचा म्हातारा माझ्याकडे पाठ करून का झोपतो? पुढे कळलं, त्याला खिडकीकडून वारा हवा होता.

निळ्याचं लाल

वॉर्डातली सकाळ काचेच्या नळीने सुरू व्हायची. नळीत निळं औषध, त्यात माझ्या लघवीचे थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळं तसंच राहिलं तर चांगलं. हिरवं झालं तर बरं. पहिल्या दिवशी ते विटेसारखं लालभडक झालं होतं. त्या नळीवर मात्र मी विश्वास ठेवला, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर तापायची आणि तिला तेलुगू येत नव्हतं. जसजशी इन्सुलिनची सुई लागू पडली तसतसा रंग विटेवरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून हिरव्यावर आला. तोंडाचा कोरडेपणा गेला. एका सकाळी मी पाणी न मागता जागा झालो आणि तेवढ्यानेच मला रडू आलं.

पण आता नवी भीती. डॉक्टर म्हणाले, ही सुई रोज, आणि जन्मभर. ते गेल्यावर मोठेबाबा माझ्या कानाशी वाकले.

"रोज सुई टोचली का मानूस आतून थंडा पडते. मरदपना जाते. घरी चाल, मंग पाहू."

दोन दिवस मी धीर गोळा केला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले तेव्हा विचारलं, "सर, सुई से... वो... कमजोरी..."

"मास्टर, सीधा पूछो," ते म्हणाले. मग स्वतःच खुर्ची ओढून बसले. सुईने काही जात नाही. अंगात साखर अशीच राहू दिलीस तर मात्र डोळे जातील, किडनी जाईल, आणि ज्याची तुला भीती आहे तेही जाईल. सुई घेत राहिलास तर मुलं-बाळं सगळं होईल. त्यांनी हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. माझे कान तापले होते. आणि तरीही मनात आलंच, की यांना काय, यांना सुया खपवायच्या असतील. सरकारी दवाखान्यात सुया फुकट मिळत होत्या, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

कोणता रोग?

सुनंदाच्या माहेरी निरोप गेला होता, पण टायफॉईड म्हणून. शुगर सांगितली तर ते फारकत मागतील, असं घरात ठरलं होतं. एक दिवस सासरे वॉर्डात आले. जयभीम झाला, तब्येतीची चौकशी झाली. तेवढ्यात सिस्टर आली आणि त्यांच्यासमोरच माझ्या दंडात सुई टोचून गेली.

"टायफाईडले जेवायच्या आंधी सुई?" सासऱ्यांनी विचारलं.

"नवा टायफाईड हाय," मोठेबाबा म्हणाले.

सासऱ्यांनी ज्या नजरेने मला पाहिलं ती मी ओळखली. मी स्वतः तसाच बघतो. त्यांच्याही डोक्यात हायवे आला होता. पोरीला परत पाठवायची नाही असं ठरवूनच ते उठले.

दुसऱ्या दिवशी सुनंदा आली. सासरे वॉर्डाच्या दारात उभे राहिले. ती सरळ आत आली आणि माय, बाबा, मोठेबाबा सगळ्यांच्या देखत माझ्या खाटेशी थांबली.

"तुमाले कोनता रोग हाय? दुसऱ्याच्या नाई, तुमच्या तोंडानं सांगा."

मोठेबाबा खाकरले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आता खोटं बोललो तर ही बाई कायमची जाणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

"शुगर," मी म्हणालो. "रोज सुई घ्या लागते. जिंदगीभर."

"खरं?"

"खरं."

"माहा इसवास नाई," ती म्हणाली, वळली, आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली.

मला रागही आला आणि हसूही. डॉक्टरांना तिने काय काय विचारलं ते आजपर्यंत तिने मला पूर्ण सांगितलेलं नाही. बऱ्याच वेळाने ती परत आली. बापाला म्हणाली, "बाबा, तुमी जा. मी थांबतो." मग खाटेच्या कडेवर बसली आणि माझ्या मायने आणलेला लाडवांचा डबा उचलून शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकला.

इचोड्याची पुडी

घरी आलो. गावात फ्रीज कोणाकडे होता? सुनंदाने एक कोरा माठ घेतला, त्यात ओली रेती भरली आणि इन्सुलिनची बाटली पिशवीत बांधून त्यात ठेवली. इंजेक्शनची काचेची पिचकारी ती रोज उकळायची. सुई मी स्वतः टोचायचो, दार लावून. कबड्डीच्या पोरांना कळू नये म्हणून.

मोठेबाबा मात्र हरले नव्हते. एक दिवस ते इचोड्याहून पुडी घेऊन आले. कोणा खानदानी वैद्याची, ताकदीची. "ही घे आन सुई सोड," म्हणाले. माझ्यासारख्या संशयी माणसाला खरं तर त्या पुडीचा आधी संशय यायला हवा होता. पण गंमत अशी की दवाखान्याने सिद्ध करून दाखवलेल्या गोष्टीवर मी शंका घेत होतो आणि रस्त्याकडेच्या पुडीवर नाही. कारण पुडी म्हणत होती, तू आजारी नाहीस, फक्त थोडा कमी पडतोस. जवान माणसाला हेच ऐकायचं असतं. मी पुडी सुरू केली आणि सुई एक दिवसाआड चुकवायला लागलो. बघू तर खरं, दोघांतलं कोण खोटं बोलतंय, असं मनात होतं. तहान परत आली, ती मी उन्हावर ढकलली.

सुनंदाने मला काही विचारलं नाही. ती पहाटे उठून परसात गेली आणि कुडाजवळ वाकून पाहून आली. माझ्या मुंग्यांची गोष्ट तिला डॉक्टरांच्या खोलीतच कळली होती.

त्या दिवशी तिने काय केलं ते आम्हाला दुसऱ्या सकाळी समजलं. चहाच्या वेळी तिने मोठेबाबांना परसात बोलावलं. आमच्याकडे सून सासऱ्याला आणि त्याच्या भावालाही मामाजी म्हणते.

"मामाजी, जरा पाह्यता का. मुंग्या लय झाल्या."

मोठेबाबा काडी घेऊन आले. मी आणि बाबा मागे. माझ्या जागेवर मुंग्या होत्याच. पण कुडाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे आमच्यापैकी कोणी जात नसे, तिथेही तसलीच काळी रांग लागली होती. मोठेबाबांचा चेहरा उतरला.

"आता दोन दोन जागी जाऊन राह्यली याची धात," ते म्हणाले. "पोरगा हातचा चालला."

"ते त्याहिचं नाई, मामाजी," सुनंदा म्हणाली. पदर डोक्यावर होता, आवाज शांत होता. "थ्या टोकाले मी काल साखरेचं पानी टाकलं. लोटाभर. ही कोनाची धात हाय, सांगा."

मोठेबाबा काडी टेकून खाली बसले. एकदा या टोकाच्या मुंग्यांकडे पाहिलं, एकदा त्या टोकाच्या. दोन्हीकडच्या मुंग्या सारख्याच लगबगीत होत्या.

"साखर," ते म्हणाले.

"हो."

"मंग मी याले गूळ चारला, लाडू चारले..."

"तुमाले मालूम नव्हतं, मामाजी."

मग मोठेबाबांनी वर पाहिलं, सुनंदाकडे नाही, बाबांकडे.

"मंग आपल्या किसनाले काय झालतं रे?"

बाबांनी मान फिरवली. मोठेबाबांनी हातातली काडी खाली टाकली. "त्यालेई मी खारीकच चारली," ते म्हणाले. "आन थ्या वच्छलेले गावभर..." एवढा पहाडासारखा माणूस सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला. सुनंदा त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

किसनला शुगरच होती का, हे आता कोणीही सांगू शकत नाही. कोणी तपासलंच नव्हतं. डॉक्टरांना पुढे विचारलं तर ते म्हणाले, असेल, नसेलही. मोठेबाबांनी त्यातलं 'असेल' तेवढं घेतलं. एक दिवस ते धुतलेलं धोतर नेसले, दाढी केली आणि नदीपलीकडच्या गावाला एकटेच निघाले. वच्छलेच्या दारात जाऊन ते काय बोलले आणि ती काय म्हणाली ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात वांग्यांची पिशवी होती. तिने दिली म्हणाले.

त्या दिवसापासून मी सुई दारात, ओट्यावर बसून घ्यायला लागलो. सुनंदा टोचायची. कबड्डीची पोरं सुरुवातीला टकमक बघत उभी राहायची. मोठेबाबा त्यांना हाकलायचे, "काय पाह्यता बे? मरद मानूस सुई घेऊन राह्यला!"

आता

मी तेव्हा मेलो नाही, ही सरळ गोष्ट आहे. डोळे शाबूत आहेत, पाय शाबूत आहेत, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मुलगाही झाला. तो आता आदिलाबादला कॉलेजात आहे. व्यायामशाळेत जातो, दंड दाखवणारा शर्ट घालतो, आणि एका मोठ्या डब्यातली पांढरी पूड दुधात कालवून पितो. डब्यावर एका फुगलेल्या माणसाचं चित्र आहे. मी तो डबा उघडून वास घेतला, चव घेतली, मागचं बारीक अक्षर भिंगातून वाचलं. मुलगा म्हणतो, "बाबा, तुम्हाला सगळ्याचाच संशय." रक्त तपासून घे म्हटलं की हसतो. दवाखान्यात कशाला, एवढं काही नाही. बाहेर आंध्रापासून वेगळ्या राज्याच्या गोष्टी चालल्या आहेत, पण ही एक गोष्ट काही बदलत नाही.

मागच्या सुट्टीत तो गावी आला. मला जरा उतरलेला वाटला. पाणीही जास्त पितोय असं वाटलं. घरात आता संडास-बाथरूम आहे, फरशी आहे, तिथे काय दिसणार? पण पोरगं सकाळी फिरून येताना मागल्या बाजूलाच उभं राहतं, जुन्या कुडाच्या जागी आता तारेचं कुंपण आहे तिथे. तो चहा प्यायला आत गेला तसा मी चष्मा लावला आणि कोणाला दिसू नये असा मागच्या दाराने बाहेर पडलो.

कुंपणाशी सुनंदा आधीच वाकून उभी होती. माझी चाहूल लागली तरी तिने मान वर केली नाही. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. दोघांनी मिळून ती ओली जागा नीट पाहिली.

"नाई," ती म्हणाली.

"नीट पाह्यलं?"

"दोनदा."

मी तिसऱ्यांदा पाहिलं. मग आम्ही चहा प्यायला आत गेलो.